चंद्राक्कांचा बंद डबा

डबा उघडा असेपर्यंत चंद्राक्कांच्या खोलीत कुणी बोलायचं नाही, असा कायदा होता. तोंडातली वाफ आतल्या नाचणीच्या सत्त्वाला लागते म्हणे. एकदा पोस्टमन दारातून "पत्र!" म्हणाला. अक्कांनी डबा पदरानं झाकून त्याच्याकडं असं बघितलं, की बिचारा पत्र उंबऱ्यावर ठेवून पाय न वाजवता गेला.

ही सत्तरच्या दशकातली, सोलापुरातल्या आमच्या गिरणीशेजारच्या चाळीतली गोष्ट. अक्का मूळच्या मैंदर्गीच्या. नवरा गिरणीत होता, तो गेल्यावर खोलीत एकट्याच. मुलगा शिवू सुरतेला मागावर होता. त्यानं लग्न तिकडंच केलं आणि त्याला मुलगाही तिकडंच झाला. तो नातू अक्कांनी अजून बघितलेला नव्हता. माझी लेक मंजू त्याच्याच वयाची.

अक्का दर महिन्याला नाचणीचं सत्त्व करायच्या. नाचणी भिजवायच्या, फडक्यात बांधून मोड आणायच्या, सावलीत वाळवून, भाजून, जात्यावर दळायच्या आणि शेवटी नवऱ्याच्या जुन्या धोतरातून वस्त्रगाळ करायच्या.

"अक्का, माझ्याकडं चाळण आहे की," मी एकदा म्हटलं.

"चाळण भाकरीच्या पिटाला. लेकराचं नरडं आन् तुजं नरडं येकच हाय व्हय?"

पुढं आठवडाभर मला माझ्या नरड्याची लाज वाटत होती.

मग ते सत्त्व पत्र्याच्या डब्यात, आणि डबा फळीवर कडुलिंबाच्या पाल्यात. मी नुसता हात लावला तरी, "सरक. हवा लागंल की!" महिन्यावर सत्त्व ठेवायचं नाही, कडू होतं, हाही कायदाच. महिना संपत आला की अक्का वाटीभर सत्त्व घेऊन माझ्या दारात. "माप चुकलं बग. मंजीला घाल. आट दिसांत सपीव."

मुठी मोजून नाचणी भिजवणाऱ्या बाईचं माप दर महिन्याला कसं चुकतं, हे काही मला कळेना. पण फुकट मिळत होतं, मंजू बाळसं धरत होती, मी कशाला विचारते!

शिवूची पत्रं मीच वाचून दाखवायची. प्रत्येकात एकच मजकूर, "रजा मिळाली की बाळाला घेऊन येतो." असं दोन वर्षं चाललं.

एका दुपारी पत्र आलं. मी वाचलं, "बाळ आता आमच्या ताटातली भाकरी खातं. यंदाही येणं जमणार नाही."

 अक्कांनी उठून डबा खाली घेतला आणि झाकण काढलं. मी सवयीनं तोंड मिटलं. आणि अक्का डबा मांडीवर घेऊन बोलायला लागल्या.

"ह्यो डबा नातवाचा हाय. दर महिन्याला वाटायचं, आता येतंय लेकरू. आल्या आल्या ताजं पायजे की. न्हाई आलं की तुज्या मंजीला द्यायची आन् नवं करायची." मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुज्या लेकीला मी उरल्यालंच घातलं बग. राग धरू नगंस."

 राग कसला धरायचा, माझी पोर त्या नातवाच्या वाट्याचं खाऊन मोठी झाली होती. मी झाकण पुढं केलं.

"अक्का, हवा लागेल."

"लागू दे," त्या म्हणाल्या.