गेलेला पिकअप

आपली गाडी आपणच दुरुस्त करायची, असं मी ठरवलं. आमच्या घरावर संकटं बाहेरून कधीच येत नाहीत, ती माझ्या ठरवण्यातून येतात.

गाडी म्हणजे लांबलचक काळी स्टेशन वॅगन. वय विचारू नये. जून उजाडला, आमच्या दक्षिण गोलार्धातली थंडी कडाडली आणि तिचा पिकअप गेला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ‘ऐकलं हो’ अशा सुरात घुर्र करायची आणि विचार करत बसायची. शाळेजवळच्या चढावर तर कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईंनी आम्हाला मागे टाकलं. (कुत्रंही म्हातारं होतं.)

“गॅरेजात टाक ती,” माझी बायको लोर्ना म्हणाली.

“गॅरेज कशाला? इंजिनाला लागतं काय? हवा, पेट्रोल आणि ठिणगी. मी बघतो.”

“तू नळ बघितलास तेव्हा आपण महिनाभर शेजारी आंघोळीला जात होतो, क्लेम.”

मी दुर्लक्ष केलं. (आयुष्यभर लोकरीच्या वखारीत कारकुनी केलेल्या माणसाला दुर्लक्ष उत्तम जमतं.) एअर फिल्टर उघडला, आत उंदराचा संसार निघाला. फिल्टर बदलला. पिकअप नाही. प्लग बदलले. पिकअप नाही. मग वायरी उचकल्या. तेव्हा मात्र फरक पडला. डावीकडचा सिग्नल दिला की वायपर हलायला लागला आणि हेडलाइट एकदा लागले ते विझेचनात.

आणि नेमका तेव्हाच इमोजेनचा, आमच्या लेकीचा, इस्पितळातून फोन आला.

“आई, बाळाला घाई झालीय. तेविता बोटीवर आहे, उद्याशिवाय किनाऱ्याला लागत नाही. मी एकटी आहे गं.” (तेविता आमचा जावई.) लेक तशी धीट, पण शेवटी तिचा आवाज कातर झाला.

इस्पितळ डोंगरापलीकडच्या वॉटलडेल या मोठ्या गावात. लोर्ना तशीच निघाली. बाळासाठी मी बनवलेला लाकडी पाळणा मागे आडवा घातला, त्यावर पांढरी चादर टाकली. अंगणातली कॅमेलियाची फुलं लेकीला आवडतात, म्हणून लोर्नाने तोडून तीही चादरीवर ठेवली. मी माझा एकुलता एक काळा कोट चढवला. आजोबा होताना माणूस बरा दिसावा.

डोंगराच्या चढाला गाडीने पायी चालणाऱ्याची चाल धरली.

“दाब ना रे जरा!” लोर्ना मागच्या सीटवरून ओरडली.

“दाबलाय! खाली टेकलाय पाय!”

आमच्या मागे गाड्यांची रांग लागली. कोणी हॉर्न वाजवला नाही, कोणी पुढे काढली नाही. उलट एकेकाने दिवे लावले. कुंपणाजवळच्या एका शेतकऱ्याने तर हॅट काढून छातीशी धरली. एवढी सभ्य माणसं आपल्या मुलखात राहतात, या विचाराने मला भरून आलं.

डोंगर उतरून वॉटलडेलच्या बाजारात पोचलो, तर तिथे जत्रेइतकी गर्दी. त्या गर्दीत अडकलो असतो तर अर्धा दिवस गेला असता. पण आमच्याच गावचा मेरिक हवालदार बंदोबस्ताला चौकात उभा होता. त्याने हात वर करून चारी बाजू थांबवल्या, गर्दी बाजूला सारली आणि टोपी काढून माझ्या खिडकीशी आला. लोर्ना तेव्हा चादरीखाली डोकं खुपसून पाळण्याचा सैल नट आवळत होती.

“फार वाईट झालं, क्लेमकाका,” तो हळू आवाजात म्हणाला.

गाडीची दशा गावभर कळली म्हणायची! “काय करणार बाबा, वय झालं होतं तिचं. अलीकडे चढ म्हटला की धापा टाकायची.”

“खूप वर्षांची सोबत हो तुमची.”

“होती खरी. पण मी हात लावला आणि जास्तच बिघडली बघ.”

मेरिकने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “आता एकट्याने कसं करणार?”

“दुसरी बघतोय की. वापरलेली असली तरी चालेल.”

मेरिक दोन पावलं मागे सरला आणि त्याने घाईघाईने आम्हाला वाट दिली.

आम्ही पोचलो आणि थोड्याच वेळात नात जन्मली. त्या सगळ्या वेळात लोर्नाने इमोजेनचा हात धरून ठेवला होता. बाहेर आली तेव्हा रडत होती, हसत होती. “वेळेवर पोचलो रे, क्लेम. ती सारखी माझीच वाट बघत होती.” मी चिमुकलीला मांडीवर घेतलं आणि त्या अनोळखी गर्दीला, मेरिकला, हॅट काढणाऱ्या शेतकऱ्याला मनातल्या मनात हात जोडले. त्यांनी वाट दिली नसती तर माझी लेक एकटीच पडली असती.

गाडी मी अ‍ॅम्ब्युलन्सच्या जागेत लावली होती, ती हलवायला लोर्ना गेली. परत आली ती हातात काहीतरी जाडजूड, केसाळ घेऊन.

“क्लेम, ही आपल्या न्हाणीघरातली पायपुसणी. अ‍ॅक्सिलरेटरखाली काय करत होती?”

“पाय गार पडायचे गं,” मी म्हणालो.

“अरे, हिच्यामुळे तो अर्ध्यावरच अडकत होता! काढली तर गाडी उडाली की! भिंतीला धडकता धडकता वाचले!”

दुसऱ्या दिवशी तेविता येऊन पोचला आणि आम्ही घरी आलो. मी परसात कोंबड्यांना दाणे टाकत होतो. दार वाजलं. लोर्नाने उघडलं. शेजारची बेव्ह दारात. अंगात काळे कपडे, डोळे सुजलेले आणि हातात दुखवट्याच्या घरी न्यायच्या जेवणाचं, लसान्याचं, भलंमोठं भांडं. लोर्नाला बघून ती किंचाळली, भांडं कसंबसं सावरलं आणि तिच्या गळ्यात पडली.

“अगं, मेरिक म्हणाला तू गेलीस, काळ्या गाडीत फुलांच्या चादरीखाली बघितलं तुला! तू आहेस! देवाची कृपा गं बाई!” मग तिने डोळे पुसले आणि जरा थांबून विचारलं, “म्हणजे... क्लेम गेला का?”

“छे गं! तो काय, मागे कोंबड्यांना दाणे टाकतोय.”

“अरेरे,” बेव्ह म्हणाली.