पितरपाटात बँड

"यंदा माझ्या पोरी पहिली मॅच जिंकल्या नाहीत, तर सुदर्शन हे नाव लावणार नाही!"

उमरीच्या कॉलेजातल्या स्टाफरूममध्ये सुदर्शन सरांनी टेबलावर अशी मूठ आपटली, की चार कपांतला चहा चार बशांत आला. सर खेळ शिकवायचे, आणि मुलींची फुटबॉल टीम ही त्यांचीच उठाठेव. चार वर्षांपूर्वी त्यांनी ही कल्पना काढली तेव्हा सगळ्या गावाला वाटलं होतं, सरांना ऊन लागलं!

"नाव बदलायला गॅझेटमध्ये द्यावं लागतं," इंग्रजीचे प्राध्यापक पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "फॉर्म आणून ठेवू का?"

सगळे खो खो हसले. तेवढ्यात दारात प्राचार्य बिराजदार उभे! उन्हात चमकणारं टक्कल आणि कपाळावर कायमची आठी.

"सर, हिशेब सांगतो," ते म्हणाले. "पहिल्या वर्षी सात-शून्य. दुसऱ्या वर्षी पाच-शून्य. गेल्या वर्षी नऊ. यंदा लातूरला पहिल्याच फेरीत हरून आलात, तर फुटबॉल बंद. मैदानावर पत्रे टाकतो. पोरांच्या गाड्या लावायला जागा नाही!"

टीममध्ये मोजून बारा पोरी. करिश्मा तर भोकरकडच्या खेड्यातून रोज एसटीनं यायची. टीम बंद झाली की तिच्या घरचे म्हणणार, आता नुसत्या परीक्षेपुरतं जात जा. आणि त्या पोरीचा फटका असा होता, की बॉल अडवायला गोलकीपर अर्शिया पुढं व्हायची ती आधी डोळे मिटून!

मग हरायच्या का? तर गोंगाटाने! उमरीच्या मैदानावर वाघिणी, आणि लातूरला चार पोरं ओरडली की पाय जमिनीत रुतायचे. गेल्या वर्षी तर कुणीतरी ओरडलं, "ए, घरी जाऊन भाकऱ्या थाप!" करिश्मानं बॉल तिथंच सोडला आणि गेली थेट त्याच्याकडे.

"मी त्याला नुसतं इचारलं सर, तुज्या घरी कोन थापतं?" ती नंतर म्हणाली.

तिचं विचारून होईस्तोवर समोरच्यांचे दोन गोल झाले होते.

सरांनी रात्रंदिवस विचार केला आणि त्यांना उपाय सापडला. पोरींना गोंगाटाची सवय लावायची! आणि गोंगाट तर घरचाच होता. अर्शियाचे अब्बा मकबूलभाई म्हणजे तालुक्यातले नावाजलेले बँडवाले. स्वतः क्लॅरिनेट वाजवायचे, त्यांचा भाऊ अकरम ढोल, आणि बाकीचे चौघं मिळेल ते.

"मकबूलभाई, रोज संध्याकाळी मैदानावर वाजवाल का? टीमचा प्रश्न आहे."

"सर, इचारता काय!" मकबूलभाई उठूनच उभे राहिले. "पितरपाट चालू हाय. पंधरा दिवस कुनाचं लग्न न्हाई. बाज्याला जाळे लागून राहिले. तुम्ही नुसतं मैदान द्या, मैदान!"

पितरपाट! हा शब्द सरांच्या एका कानातून शिरला आणि दुसऱ्या कानातून गेला. तिथंच घोळ झाला.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मैदानावर बँड असा दणाणला, की झाडावरचे कावळे थेट रेल्वे स्टेशनाकडे पळाले. पहिल्या ठोक्याला करिश्मानं बॉल सोडला आणि नाचायलाच लागली! वरात दिसली की नाचायचं, एवढंच तिला जन्मापासून ठाऊक. तिच्या मागं हुमा, हुमाच्या मागं बाकी सगळ्या. सर शिट्ट्या फुंकून फुंकून लालबुंद झाले, पण बँडवाल्यांना सवयीनं वाटलं, नवऱ्याकडचे लोक लई खूश दिसतात. त्यांनी जोर वाढवला!

इकडं गावात हलकल्लोळ. पितृपंधरवड्यात कुणाची वरात निघाली? दुकानदार गिऱ्हाईक सोडून आले. म्हाताऱ्या काठ्या टेकत आल्या. बघतात तर काय, बँडच्या पुढं पांढऱ्याशुभ्र कपड्यांत हातवारे करत चाललेले सुदर्शन सर! वय अडतीस, लग्न नाही.

झालं! कुणीतरी फोटो काढला, आणि सर घरी पोचायच्या आत तो भोकरला त्यांच्या आईपर्यंत पोचला.

सकाळच्या पहिल्या एसटीनं रुक्मिणबाई उमरीत हजर. एका पिशवीत पैठणी, दुसऱ्या पिशवीत नारळ. दारातूनच त्यांनी पोराला छातीशी धरलं.

"पितरपाटात केलंस, तरी चालंल रं बाबा! पितरांचं मी बघून घेते. पर केलंस एकदाचं!"

"आई, अगं लग्न नाही! फुटबॉल आहे!"

"कोन बॉल? आडनाव काय तिचं?"

संध्याकाळी सरांनी त्यांना मैदानावर नेऊन बसवलं, तेव्हा कुठं त्यांची खात्री पटली. त्यांनी एकदा बँडकडं पाहिलं, एकदा भोवतीच्या गर्दीकडं पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. "वाजंत्री हाय, वऱ्हाड हाय, आन् नवरीच न्हाई! तुजं समदं असंच."

पण गर्दी हटली नाही! वरात नाही म्हटल्यावर लोक खेळ बघू लागले. रोज पाचाला अर्धी उमरी हजर. कुणी ओरडतंय, कुणी टाळ्या पिटतंय, कुणी करिश्माला शेंगा देतंय. आठवड्याभरात पोरींचा नाच थांबला आणि पाय पळायला लागले. आणि काय पळायला लागले! ढोलाचा ठोका पडला की पास, ताशा कडाडला की धाव, क्लॅरिनेट चढलं की करिश्माचा फटका. सर तर हवेतच!

मधे एक दिवस ढोल दुरुस्तीला गेला म्हणून बँड आला नाही. त्या दिवशी पोरी मैदानावर नुसत्या उभ्याच राहिल्या. हुमा तर बॉल हातात धरून म्हणाली, "सर, आज कसंसंच होऊन राहिलं." सरांना वाटलं, दमल्यात बिचाऱ्या. त्यांनी सगळ्यांना केळी दिली आणि घरी पाठवलं.

हाय रे देवा! तिथंच जागं व्हायला पाहिजे होतं.

मॅचच्या दिवशी बारा पोरी आणि सर एका क्रूझरमध्ये कोंबून लातूरला निघाले. रस्ताभर सर एकच सांगत होते, "किती का ओरडेनात! आपल्याला काय? आपण वरातीत खेळलोय!"

शहराबाहेरचं मैदान आलं. पोरी उतरल्या, आणि जागच्या जागी थबकल्या.

चिटपाखरू नाही! एक रेफरी, समोरची टीम, माईक घेऊन बसलेला धम्मानंद नावाचा एक विद्यार्थी, आणि गोलपोस्टला पाठ घासणारी एक म्हैस. बस्स. त्या दिवशी होती सर्वपित्री अमावस्या. सगळं लातूर पितरांना जेवू घालून, खीर-वडे हाणून आडवं झालेलं!

"सर," अर्शिया कुजबुजली, "इतकं शांत का आहे?"

शिट्टी वाजली. मॅच सुरू झाली. म्हणजे समोरच्यांची सुरू झाली, आपल्या पोरी उभ्याच होत्या! बॉल हुमाच्या पायाजवळून गेला, तिनं त्याला जाताना पाहिलं. करिश्मा कशाची तरी वाट बघत मान वाकडी करून कान देत होती. दहाव्या मिनिटाला गोल झाला. पुढचे चार अर्शियानं कसेबसे, एक तर नाकाने, अडवले म्हणून मध्यांतराला एक-शून्यावर भागलं.

"काय झालं तुम्हाला?" सर रडवेले झाले.

"पाय उचलत न्हाईत, सर," करिश्मा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "ठोकाच पडंना!"

आता सरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गोंगाटाची सवय लावता लावता त्यांनी शांततेची सवय मोडून टाकली होती! औषध एवढं लागू पडलं, की आता औषधाशिवाय पेशंट उठेना!

सरांनी मकबूलभाईंना फोन लावला.

"मकबूलभाई, कुठं आहात?"

"मैदानावरच हाव, सर! समदी उमरी हितंच बसून हाय निकालासाठी. कॉलेजचे सायेब बी हाईत. काय झालं?"

"बाजा जवळ आहे? वाजवा! फोन स्पीकरवर ठेवा आणि मी सांगेपर्यंत थांबू नका!"

सर धावत धम्मानंदकडं गेले आणि फोन माईकला लावला. ढँऽऽग! पत्र्यावर गारा पडाव्यात तसा उमरीचा बँड लातूरच्या मैदानावर कोसळला. म्हैस पळाली! करिश्मानं मान वर केली, हुमाचा पाय उचलला, आणि...

पीऽऽऽ! रेफरी तावातावाने आले. "हे काय चाललंय? लग्न आहे का? बंद करा, नाहीतर टीम बाद करतो!"

सरांनी घाबरून फोन पँटच्या खिशात कोंबला. मॅच पुन्हा सुरू झाली, आणि पुन्हा तीच शांतता. सर बाकावर मटकन बसले. चार वर्षांची मेहनत, बारा पोरी, सगळं पत्र्याखाली जाणार.

आणि तेवढ्यात गोलपोस्टमधून आवाज आला.

"ढँऽग ढचाक! ढँऽग ढचाक!"

अर्शिया! बँडवाल्याची पोरगी ती, प्रत्येक वाद्य तिला तोंडपाठ. ती कमरेवर हात ठेवून ओरडली, "करिश्मा, तू ढोल! हुमा, तू ताशा! मागच्या तिघी, क्लॅरिनेट! चला गं, एक, दोन!"

ज्या पोरी वर्गात हजेरी लावताना सुद्धा ओढणीत बोलायच्या, त्या अकराच्या अकरा गळा फाडून बँड वाजवायला लागल्या. ढँऽग ढचाक! तडतड तडतड! पीऽऽ पी पीऽऽ! समोरच्या टीमची कॅप्टन बॉल सोडून बघतच राहिली. रेफरींनी खिशातून नियमांचं पुस्तक काढलं, दोन पानं उलटली, आणि परत ठेवून दिलं. तोंडाने बँड वाजवू नये, असं कुठंच लिहिलेलं नव्हतं!

हुमाचा पास, करिश्माचा फटका, गोल! एक-एक!

आता बाकावर सरांचा ताबा सुटला. ते उड्या मारत होते, बाटल्या लाथाडत होते, तोंडाला येईल ते बोलत होते. "रेफरी, ती शिट्टी आहे की कुकर? हाण करिश्मा! त्या बिराजदाराला दाखव! म्हणे पत्रे टाकतो! एवढी हौस आहे, तर स्वतःच्या टकलावर टाक म्हणावं! चार गाड्या आरामात मावतील!"

शेवटचं मिनिट. कॉर्नर. पोरींचा आवाज बसत आलेला, तरी ढचाक चालूच. बॉल हवेत आला, करिश्मानं उडी घेतली. डोकं चुकलं, खांदा चुकला, पण गुडघा लागला. दोन-एक! शिट्टी!

बारा पोरी एकमेकींवर कोसळल्या. सर त्यांच्यावर कोसळले. चार वर्षांत पहिल्यांदा जिंकले होते, आणि सर लहान पोरासारखे रडत होते. रडता रडताच त्यांना आठवलं, प्राचार्यांना कळवायला पाहिजे! छाती फुगवून त्यांनी खिशातून फोन काढला.

फोन चालूच होता! पन्नास मिनिटं!

सरांनी तो कानाला लावला. आतून अगदी दमलेला, सूर सुटलेला, पण बँडच वाजत होता.

"मकबूलभाई! थांबा! जिंकलो! तुमच्या बाज्यावर जिंकलो!"

बँड थांबला. मकबूलभाई धापा टाकत होते. "माहीत हाय, सर. बाज्यावर न्हाई. फोन खिशात गेला ते आम्हाला समजलं. खिशातला बाजा कोन ऐकनार! पन पोरीच तोंडानं वाजवून राहिल्यात म्हटल्यावर आमच्यानं गप बसवंना. म्हनलं, साथ तरी देऊ."

अर्शियानं फोन ओढून घेतला. "अब्बा!" म्हणाली, आणि फोन छातीशी घट्ट धरून बसली. करिश्मानं तिच्या पाठीवर हात ठेवला. सरांनीही डोळे पुसले, आणि पुसता पुसता त्यांचा हात मधेच थांबला.

"मकबूलभाई," त्यांनी फोन परत घेतला, "खिशातलं सगळं... तिकडं ऐकू येत होतं?"

"एकदम साफ, सर! फोन कॉलेजच्या भोंग्याला लावला होता ना! समद्या उमरीनं ऐकलं. तुमच्या आई बी हाईत हितं. घ्या, सायेबांशी बोला."

पलीकडं फोन या हातातून त्या हातात गेला. मग प्राचार्य बिराजदारांनी घसा साफ केला.

"अभिनंदन, सर. टीम राहील. मैदानही राहील. पोरींना माझ्याकडून पोटभर जेवू घाला."

"थँक यू, साहेब! थँक यू!"

"आणि सोमवारी दहा वाजता माझ्या केबिनमध्ये या. टकलावर चार गाड्या कशा मावतात, ते मला नीट समजून घ्यायचंय."