लागलं तर असावं

प्रवासाला निघणं कोणालाही जमतं. तयारी करणं मात्र फार थोड्यांना साधतं. दंतवैद्य अशा थोड्यांपैकी होते. त्यांच्याकडे शिडाची एक सुबक यॉट होती, उन्हाळाभर समुद्रावर भटकायचा बेत होता आणि हा बेत गेली चार वर्षं अत्यंत जोमाने चालू होता.

दर रविवारी ते सामान आणायला बाजारात गेले की त्यांची बायको आणि मुलगी यॉट बंदराबाहेर नेऊन फिरवून आणत. दंतवैद्यांची हरकत नसे. ते स्वतः मात्र शिडं उभारलेल्या यॉटवर कधी पाय ठेवत नसत, कारण अर्धवट तयारीने निघणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

या उन्हाळ्यानंतर मुलगी नोकरीसाठी दूर जाणार होती. "अहो, चारी बाजूंना नुसतं पाणी असं मला एकदा तरी बघायचंय," बायको जेवताना म्हणाली. "आणि तेही हिच्याबरोबर. यंदा नाही निघालो तर संपलंच."

दंतवैद्यांनी हे फार मनावर घेतलं आणि तयारी वाढवली.

दोन नांगर होते, तिसरा आला. शीड फाटलं तर म्हणून शिवणयंत्र आलं, यंत्रासाठी तेल आलं, तेल सांडलं तर पुसायला जुनी चादर आली आणि ती धुतल्यावर चुरगळेल म्हणून इस्त्री आली. (यॉटवर वीज बेताचीच होती, म्हणून इस्त्री कोळशाची.) वादळासाठी तीन छत्र्या. शेवटी दवाखान्यातली जुनी खुर्ची चौघांनी उचलून चढवली. भर समुद्रात कोणाची दाढ दुखली तर रुग्णाला काय उभं ठेवायचं? प्रत्येक वस्तूमागे विचार एकच: लागलं तर असावं.

निघायच्या दिवशी यॉट तपासायला मिस्त्री आला. वाकून बघत म्हणाला, "डॉक्टर, भाराची ही लाल रेघ पाण्याच्या वर हवी. मला ती दिसतच नाही."

"आहे हो," दंतवैद्य म्हणाले. "मागच्या वर्षी मी स्वतः पाहिलीय."

तरीही त्यांनी यॉटवर तातडीची कौटुंबिक बैठक बोलावली, अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं आणि साधकबाधक चर्चेअंती (चर्चा त्यांनीच केली) नियम जाहीर केला: आजवर समुद्रावर जिचा एकदाही उपयोग झालेला नाही, अशी प्रत्येक बाब तात्काळ खाली उतरवावी.

नियम अप्रतिम होता. इस्त्री उतरली, यंत्र उतरलं, तिसरा नांगर, छत्र्या, खुर्ची, सगळं धक्क्यावर आलं. रेघ दिसू लागली, पण अजून बोटभर पाण्यात होती.

बायकोने रेघेकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "नियम सगळ्यांना सारखाच ना?"

"अर्थात! अपवाद केला की शिस्त बिघडते."

बायको नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. दंतवैद्य बुद्धिमान होते. त्यांना थोडा वेळ लागला, इतकंच.

"बाबा, जपून," मुलगी हात देत म्हणाली. "फळी ओली आहे."

ते उतरले आणि रेघ वर आली. त्यांना खरंच फार वाईट वाटलं, पण आपला नियम इतका अचूक निघाल्याचा अभिमानही वाटला. यॉट सुटली तेव्हा त्यांना राहवलं नाही. ते ओरडले, "एक छत्री तरी न्या! लागली तर?"

"नको!" दोघींचा आवाज एकदमच आला.

दंतवैद्य दवाखान्याच्या खुर्चीत बसले आणि शीड दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले. उन्हाला छत्री मात्र उपयोगी पडली.

हा नियम घरालाही लागू पडतो. माळ्यावरच्या रिकाम्या खोक्यांपासून, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या कपबश्यांपासून खुशाल सुरुवात करा. फक्त घरातल्यांसमोर तो मोठ्याने वाचू नका. खोकी आणि कपबश्या संपल्या की ते सगळे कोणाकडे बघू लागतील, हे तुम्हाला आत्ताच कळलेलं आहे.