शांतिदूत ज्योतीराम काळोखे आणि उजव्या हाताची बोटं

जगात शांतता नांदावी याबाबत जगात कुणाचंच दुमत नाही. मतभेद आहेत ते फक्त आधी गप्प कुणी बसायचं, एवढ्यापुरते.

आमच्या चिखलीचे ज्योतीराम काळोखे यांनी हा प्रश्न कुंचल्याने सोडवला. ज्याचं चित्र काढायचं तो माणूस समोर बसतो. बसला की हलत नाही, बोलत नाही, कुणावर धावून जात नाही. दोन देशांच्या पुढाऱ्यांना एकाच वेळी असं बसवलं, तर तेवढा वेळ युद्ध बंद राहील हे उघड आहे. (पुढारी अजून मिळालेले नाहीत. पत्रव्यवहार चालू आहे.)

ज्योतीरामांनी उमेदीची वर्षं गाड्यांच्या पेंट शॉपमध्ये काढली. फावल्या वेळात ते माणसांची चित्रं काढत. कुणाचे आजोबा वारले आणि फोटो एकच, तोही तिरडीवरचा, असं झालं की घरचे त्यांच्याकडे येत. ज्योतीराम चित्रात आजोबांचे डोळे उघडून देत. चित्र इतकं हुबेहूब असे, की आजोबा हयात असताना एवढे टवटवीत कधी दिसले होते, हे कुणाला आठवत नसे. कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर भोसरीच्या विश्वशांती कलादूत मंडळाने (कार्यालय हार्डवेअरच्या दुकानाच्या वर) त्यांना शांतिदूत म्हणून जगभर पाठवायला सुरुवात केली.

जिथे युद्ध चालू असतं तिथला व्हिसा मिळत नाही. म्हणून ज्योतीरामांनी शांततेचा प्रसार मुख्यतः जिथे ती आधीच होती अशा देशांत केला. स्वित्झर्लंडमध्ये त्यांनी एका चीजवाल्याचं चित्र काढलं, नॉर्वेत एका ग्रंथपाल बाईंचं. त्यांच्या भेटीनंतर या दोन्ही देशांत एकही लढाई झालेली नाही. इतका स्वच्छ निकाल दुसऱ्या कुठल्याही शांतिदूताच्या नावावर असल्याचं आमच्या सत्कार समितीच्या ऐकिवात नाही. (समितीचा चिटणीस या नात्याने मी हे जबाबदारीने लिहितो आहे.)

एकदाच त्यांना निर्वासितांच्या छावणीत नेलं होतं. तिथल्या एका म्हाताऱ्याला डावा कान नव्हता. ज्योतीरामांनी चित्रात कान दिला. म्हातारा चित्राकडे बघत राहिला, रिकाम्या जागेवर हात फिरवत काहीतरी बोलला आणि रडला. दुभाषा नेमका चहाला गेला होता. ज्योतीरामांनी ते आभार आहेत असं समजून घेतलं. शांततेच्या चित्रात जखम दाखवायची नाही, हा त्यांचा नियम त्या दिवसापासूनचा.

अशा कलावंताची गरज घरच्या मैदानावर पडेल, असं कुणाला वाटलं नव्हतं. पण चाकणच्या एका कंपनीत (नाव देत नाही; त्यासाठी परवानगी लागते, आणि परवानगी मागायला गेटवर पास लागतो) पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर इंद्रायणी गायकवाड नावाच्या मुलीच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. हात आत असताना मशीन थांबावं म्हणून सेन्सर असतो. तो बंद होता, कारण तो चालू असला की मशीन थांबत असे. कंपनीच्या माहितीतल्या दवाखान्याने कागदावर ‘किरकोळ दुखापत’ लिहिलं. इंद्रायणीला कामावर येऊ नको म्हणून सांगण्यात आलं. ती कंत्राटी होती, त्यामुळे सांगणाऱ्याला फार बोलावं लागलं नाही.

ती लातूरकडची. कुरुळीत भाड्याच्या खोलीत आईसोबत राहायची. तिने नुकसानभरपाईचा दावा लावला आणि तिच्यासोबतच्या बायका गेटसमोर बसल्या. बसलेल्या माणसांमुळे शांतता नांदते हे वर आलंच आहे. पण या बायका बसून बोलत होत्या. मनुष्यबळ विभागाचे सिद्धेश सर यांनी मंडळाकडे शांतिदूताची मागणी केली.

चित्राची बैठक कंपनीच्या कॅन्टीनमध्ये झाली. बाहेरच्या बायकांना सांगितलं होतं की आत बोलणी चालू आहेत. इंद्रायणीलाही तसंच वाटलं होतं. समोर कॅनव्हास बघून तिने बोलणी कुठे आहेत असं विचारलं, तेव्हा सिद्धेश सरांनी हीच पहिली पायरी असल्याचं समजावलं. ज्योतीरामांनी तिला प्रेमाने सांगितलं, की बाळ, हात ओढणीखाली घे. ती म्हणाली, “काका, ह्याच्यासाठीच तर बसलाव आम्ही.” ज्योतीरामांनी तिला शांततेच्या चित्राचा नियम सांगितला. ते वडलांच्या वयाचे होते आणि परदेशात जाऊन आलेले होते. तिने हात ओढणीखाली घेतला.

पुढे सिद्धेश सरांना वाटलं, की झाकलेला हात बघून लोकांना शंका येईल. हात दिसावा, आणि दिसायचाच तर पूर्ण दिसावा. ज्योतीरामांनी चित्र घरी आणलं, बायकोला खिडकीपाशी बसवलं आणि तिचा हात बघून इंद्रायणीचा हात पुरा केला. सुमनताईंनी हे कशासाठी म्हणून विचारलं नाही. आजवर त्यांच्या हाताने बऱ्याच देवींना आणि दोन परदेशी पाहुण्यांना मदत केली होती.

अनावरण थाटात झालं. आमच्या समितीने शाल दिली. चित्रात इंद्रायणी हसत होती आणि तिची पाचही बोटं मांडीवर नीट ठेवलेली होती. कंपनीने सेन्सर दिला नाही, पण बोटं दिली, असं मी भाषणात म्हणालो. (टाळ्या पडल्या.) मंडळाच्या पद्धतीप्रमाणे ‘चित्र मान्य आहे’ म्हणून तिची चित्रामागे सही घेतली. तिने ती डाव्या हाताने, वेळ लावून केली. दुसऱ्या दिवशी गेटवर निम्म्याच बायका आल्या. बाकीच्यांना कुणीतरी सांगितलं होतं, की इंद्रायणीचं मिटलं.

सुनावणीला कंपनीच्या वकिलांनी तेच चित्र दाखल केलं. अर्जदाराची स्थिती पूर्ववत असल्याचा हा आंतरराष्ट्रीय कीर्तीच्या, हुबेहूब चित्रासाठी प्रसिद्ध असलेल्या कलावंताचा पुरावा आहे आणि अर्जदाराला तो मान्य असल्याची सही मागे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. इंद्रायणीने उभं राहून हात वर केला. सुनावणी अधिकारी असलेल्या बाईंनी हाताकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं. दवाखान्याच्या कागदावर दुखापत किरकोळ होती. हात रेकॉर्डवर नव्हता, चित्र होतं. त्यांनी चित्रकारालाच साक्षीला बोलावलं.

समन्स आलं त्याच आठवड्यात ज्योतीरामांना फिनलंडचं आमंत्रण आलं होतं. सिद्धेश सर पेढे घेऊन घरी आले. तुम्हाला फक्त ‘चित्र खरं आहे’ एवढंच म्हणायचंय, असं त्यांनी सांगितलं. आणि पुढे, चित्र खोटं म्हणालात तर स्वित्झर्लंडपासूनची सगळीच खोटी ठरतील, हेही काळजीपोटी सांगितलं.

ते गेल्यावर ज्योतीराम बराच वेळ बायकोकडे न बघता बोलले. आपण कुणाचं वाईट केलं नाही. मेलेल्यांचे डोळे उघडले, कुणाला कान दिला. कुणी तक्रार केली का? सुमनताई मेथी निवडत होत्या. त्यांनी जुडी खाली ठेवली.

“माझी बोटं तुमी तिला लावली, ते मला चाललं,” त्या म्हणाल्या. “आता तीच बोटं तिच्याविरुद्ध साक्षीला निघालीत. माझी हाईत ती. मला न्हाई चालायचं.”

पेढे तसेच राहिले. दोन दिवसांनी मुंग्या लागल्या तेव्हा ज्योतीरामांनी बॉक्स उचलून बाहेर ठेवला.

सुनावणीला आम्ही समितीचे लोक हार घेऊन गेलो होतो. वकिलांनी विचारलं, हे चित्र आपण काढलं? हो. आपली चित्रं हुबेहूब असतात? हो. मग हा हातही हुबेहूब आहे?

“हाय,” ज्योतीराम म्हणाले. वकील बसायला लागले. “पण तो हिचा न्हाई. माझ्या बायकोचा हाय.”

वकिलांनी साक्षीदाराची प्रकृती ठीक नसल्याचं सुचवलं. ज्योतीरामांनी सुमनताईंना आत बोलावण्याची विनंती केली. त्या आल्या, चित्राशेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांनी उजवा हात चित्रातल्या हाताजवळ धरला. करंगळीजवळच्या बोटावर तव्याचा चटका बसल्याचा अर्धगोल डाग होता. चित्रातही होता. ज्योतीरामांना बघितलेलं काढल्याशिवाय राहवत नाही. जे नाही ते काढता येतं, पण जे आहे ते गाळायला त्यांना आधी ठरवावं लागतं, आणि डागाचं ठरवायचं राहून गेलं होतं.

अधिकारी बाईंनी डागाची नोंद घेतली आणि इंद्रायणीला जवळ बोलावलं. तिने हात टेबलावर ठेवला. तो कुणी झाकायला सांगितला नाही. हात रेकॉर्डवर आला.

सरकारी दवाखान्यात नव्याने तपासणी झाली, भरपाईचा आदेश निघाला आणि कंपनीला सेन्सर चालू करावे लागले. त्यामुळे मशीन अधूनमधून थांबतं, अशी तक्रार सिद्धेश सर अजून करतात. मंडळाने ज्योतीरामांचं शांतिदूतपद काढून घेतलं. कारणात ‘दोन पक्षांमध्ये वाद उत्पन्न करणे’ असं लिहिलं आहे. फिनलंडचा दौरा रद्द झाला. तिथे अजून तरी सारं सुरळीत असल्याचं कळतं. कंपनीने चित्र खालून कापून घेतलं. रिसेप्शनमध्ये आता इंद्रायणी खांद्यापर्यंत आहे. आम्ही हार घरी आणले.

इंद्रायणी नंतर चिखलीला येऊन ज्योतीरामांसमोर पुन्हा बसली, या वेळी हात मांडीवर उघडा ठेवून. तीन बोटं आली. बसल्या बसल्या ती सारखी बोलत होती, त्यामुळे तोंड जरा वाकडं आलं. चित्र तिने कुरुळीच्या खोलीत दाराच्या समोर लावलं आहे. नाक तिला आवडलेलं नाही.

ज्योतीरामांनी आता घराखालच्या गाळ्यात पाटी लावली आहे: ‘येथे माणूस आहे तसा काढून मिळेल’. वर्तमानपत्रात बातमी आल्यापासून फोन पुष्कळ येतात. लोक त्यांच्या धैर्याचं मनापासून कौतुक करतात, समाजाला आज अशाच खरेपणाची गरज आहे म्हणतात आणि वेळ ठरवतात. मग फोन ठेवण्याआधी आवाज थोडा खाली येतो. बाकी सगळं आहे तसंच काढा, फक्त एवढं एक...

मी त्यांना म्हटलं, की ही हकीकत लिहितो आहे, वाचून नवी माणसं येतील. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, लिहा, पण वाचणाऱ्यांना कळवा की त्यांचा फोन येऊन गेलाय.