साहेबांची भेट मागणारे आणि हमीदभाई

लातूरच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी हमीदभाईंचं दुकान आहे. फिनेल, ब्लीचिंग पावडर, खराटे, काथ्या आणि तेजाब. बाकी सगळं मागितलं की मिळतं. तेजाब मागितलं की हमीदभाई चष्मा कपाळावरून नाकावर आणतात आणि विचारतात, "साहेबांना भेटायचंय? सबब?"

साहेब म्हणजे तेजाब. ते आतल्या लोखंडी कपाटात कुलूपबंद असतं आणि त्याची किल्ली हमीदभाईंच्या कमरेला.

आता हे खरं आहे की सरकारनंच तसा नियम केला. तेजाब विकणाऱ्यानं वही ठेवायची; घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि कारण लिहायचं, ओळखपत्र बघायचं, अठराच्या आतल्या कोणाला द्यायचं नाही. पण आमच्या बाजारात हा नियम पाळताना मी तरी एकच माणूस पाहिला. बाकीच्या दुकानांत 'लिहा काहीतरी' म्हणून बाटली हातात यायची. हमीदभाईंनी मात्र बाइंडरकडून खास वही बांधून घेतली, आणि तिच्यातला कारणाचा रकाना सगळ्यात रुंद आखून घेतला. म्हणाले, "नाव तर सगळ्यायला पाठ असतंय, वहिनी. सबब सांगतानाच माणूस अडखळतो."

समोरचा सोनार त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. सोन्याच्या कामाला त्याला दर महिन्याला तेजाब लागतं आणि दर महिन्याला आधार कार्ड दाखवावं लागतं. एकदा त्यानं मिशी काढली, तर हमीदभाई फोटो बघून म्हणाले, "हे तुम्ही न्हाई." सोनार खवळला, "अबे हमीद, पोट्टेपणापासून वळखतो ना मला?" हमीदभाई शांतपणे म्हणाले, "मी वळखतो. वही कुठं वळखती?" बिचारा नवा फोटो काढून आला.

एका हवालदारानं वर्दी हेच ओळखपत्र असल्याचं सांगितलं. त्यालाही परत पाठवलं. "वर्दी भाड्यानं बी मिळती, गॅदरिंगला."

माझी गत वेगळी नव्हती. क्लासेससाठी गावोगावच्या पोरी लातूरला यायला लागल्या, तेव्हा आम्ही घरावर एक मजला चढवून वर पत्रे टाकले आणि मुलींचं होस्टेल सुरू केलं. पत्रेच का, तर भूकंपानंतर माझ्या नवऱ्याचा स्लॅबवर विश्वास उरला नाही. बारा मुली आणि दोन मोऱ्या. बोअरच्या पाण्यानं फरशी पांढरी पडली म्हणून मी तेजाब आणायला गेले.

"कोणती फरशी?"

"शहाबादी."

"शहाबादीला तेजाब? दगड खातंय ते." आणि माझा विश्वास बसलेला दिसेना म्हणून दुसऱ्या दिवशी हे गृहस्थ आमच्या दारात हजर. सगळ्या मुली क्लासला गेल्याची खात्री करून घेतली, मोरीत उकिडवे बसले, नखानं फरशी खरवडून बघितली आणि निकाल दिला, "धुण्याचा सोडा अन् काथ्या. हात लावा जरा. साहेब फरशीला न्हाई लागत वहिनी, आळसाला लागतात."

मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. फरशी मात्र स्वच्छ निघाली.

मग उन्हाळ्यात एके दिवशी, चारच्या सुमाराला, दारात हमीदभाई आणि त्यांच्यामागं आमची अश्विनी. नमाजाची वेळ सोडली तर हमीदभाई दुकान बंद करत नाहीत. त्या दिवशी शटर ओढून आले होते. अश्विनी सतरा वर्षांची, किल्लारीकडच्या एका खेड्यातली. डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करत होती. खाली मान घालून उभी.

हमीदभाईंनी माझ्याच आधार कार्डाची झेरॉक्स माझ्यासमोर धरली. माझ्या फडताळातून घेतलेली.

"तुम्ही पाठवलं म्हणाली साहेबांसाठी. मी विचारलं, कोणती फरशी? म्हणली, पांढरी टाइल. तुमच्या मोरीत टाइल कुठून आली, वहिनी?"

सतरा वर्षांची पोरगी, परीक्षा तोंडावर, आणि तेजाब. मनात जे यायचं ते आलं. मी तिचे खांदे धरून गदागदा हलवले. "काय करणार होतीस? बोल!"

"पिणार नव्हते काकू," ती म्हणाली. मग तिनं उजवी बाही वर केली.

मनगटापासून कोपरापर्यंत हिरवं गोंदण. तिचं नाव, बापाचं नाव, खाली गाव आणि तालुका. मला ते माहीत होतं. बाकीच्या मुली तिला 'कुरिअर' म्हणायच्या. हातावर पूर्ण पत्ता म्हणून. जेवताना कोणीतरी "पार्सल आलं गं" म्हणालं होतं, तेव्हा मीही हसले होते. तिनं ते पाहिलं होतं.

"मोबाइलवर बघितलं, तेजाबानं निघतं म्हणून," अश्विनी म्हणाली. "आजीनं गोंदवलंय. सगळ्या नातवंडांच्या हातावर. तिची दोन लेकरं भूकंपात गेली. ती म्हणती, ढिगाऱ्यात सापडलं तर कोणाचं लेकरू हाय ते तरी कळावं."

हमीदभाई खुर्चीवर बसले. चष्मा खाली आणला. "वाचू का, बेटा?"

तिनं हात पुढं केला. हात न लावता, थोडं वाकून, ते एकेक अक्षर मोठ्यानं वाचत गेले. नाव, बाप, गाव, तालुका.

"मी तवा जवान होतो," मग म्हणाले. "अब्बांनी टेम्पो भरून फिनेल पाठवलं, मी संगं गेलो. आठ दिवस तिथंच. ढिगाऱ्यातून एक पोरगी आणली, जीव गेलेली. एवढीशी. फ्रॉक घातलेली, केसाला रिबीन. एक कारकून कागद घेऊन इचारून राहिला, नाव काय? कोणाची? सांगायला घरातलं कोणीच उरलं न्हाई. मी बी मागं पुढं पळालो, इचारलं सगळ्यायला. न्हाई मिळालं." त्यांनी चष्मा पुसला. "तिची आजी असती तुझ्या आजीसारखी, तर."

अश्विनी रडायला लागली. मीही.

"अन् साहेब अक्षर बघून थांबत न्हाईत, बेटा. कातडी जाती, नस जाती. डॉक्टर होयाचं तर हात पाहिजे ना?"

दुसऱ्या दिवसापासून अश्विनी अर्ध्या बाह्या घालून फिरू लागली, असं काही झालं नाही. बाह्या लांबच राहिल्या. पण 'कुरिअर' हा शब्द मी त्याच दिवशी आमच्या घरातून हद्दपार केला, आणि सुरुवात मी स्वतः अश्विनीची माफी मागून केली.

तर त्या दुपारी मी चहा केला. अश्विनीनं डोळे पुसत विचारलं, "चाचा, तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"मी."

"अजून?"

"आमच्यात गोंदणं चालत न्हाई," ते भलतंच म्हणाले आणि सदऱ्याच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला एक कागद काढला. "म्हणून हे. एकटा माणूस, रस्त्यात कुठं पडलो बिडलो तर."

अश्विनीनं तो हातात घेतला. सुरेख अक्षरात त्यांचं नाव, दुकानाचा पत्ता, रक्तगट. त्याखाली लिहिलं होतं, 'कळवावे:' आणि पुढं काहीच नव्हतं.

"इथं कोण?"

"भाऊ होता हैदराबादला. त्याचा नंबर बदलला. मग बघू, बघू म्हणत राहिलंच ते."

अश्विनीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. तिनं माझा नंबर लिहिला, त्याच्यापुढं 'वहिनी' लिहिलं. मग जरा थांबून त्याखाली स्वतःचंही पूर्ण नाव लिहिलं, गाव आणि तालुक्यासकट.

हमीदभाईंनी ते दोनदा वाचलं. कागद पिशवीत घातला, पिशवी खिशात घातली आणि खिशावर हात ठेवून बसून राहिले. दुकान काही त्या दिवशी पुन्हा उघडलं नाही. संध्याकाळी मुलींची पंगत बसली तेव्हा मी त्यांचंही ताट वाढलं, आणि ते नाही म्हणाले नाहीत.