टिबेट्सचा डावा गुडघा

आमच्या कंपनीत विवाहित पुरुषाला बायको बहरीनला आणायची असेल, तर तीन गोष्टी लागत: राहायला जागा, फॅमिली व्हिसाचा अर्ज आणि ब्रॅडॉक कॉलेजचा विजय. यांपैकी पहिल्या दोन माणसाच्या हातात होत्या.

ब्रॅडॉक कॉलेज अमेरिकेत आहे. आमचे मॅनेजर विटलॉकसाहेब तिथे शिकले होते आणि शिक्षण संपले तरी मनाने तिथून बाहेर पडले नव्हते. कॉलेजचा फुटबॉलचा संघ सप्टेंबर ते नोव्हेंबर दर शनिवारी खेळे. रविवारी पहाटे साहेबांचा भाऊ अमेरिकेहून फोन करून निकाल सांगे आणि सातच्या सुमारास साहेब सलमाबादच्या ऑफिसात येत. संघ जिंकला असला की ते टेबलावरच्या अर्जावर सही करत. हरला असला की ते अर्ज वाचत. वाचलेल्या अर्जावर सही झाल्याचे उदाहरण १९८१ सालापर्यंत आमच्या ऑफिसात नव्हते. हंगाम संपल्यावर अर्ज केला तर ते पुढच्या हंगामात बघू म्हणत.

हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. तो आमचे मुख्य हिशेबनीस राजन उपासनी यांनी निरीक्षणाने शोधून काढला होता. आदल्या वर्षी ब्रॅडॉकने अख्ख्या हंगामात एकच सामना जिंकला, त्या रविवारी नेमका राजनचा अर्ज टेबलावर होता, आणि म्हणून अरुणावहिनी बहरीनला आल्या. तेव्हापासून राजन पुण्याच्या माणसाला शोभेल अशा अधिकाराने अमेरिकन फुटबॉलवर बोलत असे.

मी शैलेंद्र धारप, त्याच्या हाताखालचा हिशेबनीस. माझे लग्न मे महिन्यात मिरजेला झाले आणि हळद पुरती उतरायच्या आत रजा संपली. शुभदा मिरजेला माझ्या आईजवळ, मी जिदहफ्सला तिच्यासाठी घेतलेल्या रिकाम्या घरात आणि आमचा संसार साहेबांच्या टेबलावर, अशी त्या सप्टेंबरात आमची वाटणी झाली होती. मला तिची इतकी आठवण येई की मी दोन माणसांचा भात लावून दोघांचाही खात असे.

अशात अमेरिकेहून साहेबांचे मासिक आले. त्यात ब्रॅडॉकच्या नव्या हंगामाचे भाकीत होते. साहेबांनी ते वाचून टाकल्यावर राजनने जेवणाच्या सुट्टीत त्याचे जाहीर वाचन केले. संघात डॅरेल टिबेट्स नावाचा फ्रेशमन, म्हणजे कॉलेजात नुकताच आलेला मुलगा, रनिंग बॅक म्हणून खेळणार होता. रनिंग बॅक म्हणजे चेंडू पोटाशी धरून पळणारा. या फुटबॉलमध्ये चेंडूला पाय क्वचितच लागतो, याचे आम्हाला सुरुवातीला आश्चर्य वाटले. पण आम्ही नोकरदार माणसे असल्यामुळे ते लवकर ओसरले.

"म्हणजे कबड्डीत चढाई करणारा," पांडुरंग जोशी म्हणाला. तो आठवडाभर कंप्रेसर दुरुस्त करी आणि शुक्रवारी भटजी होई.

"पण इथे दम धरायचा नसतो," राजन म्हणाला.

"मग सोपंच आहे की."

"सोपं असतं तर अरुणा येण्याआधी मी अंडी उकडून दिवस काढले असते का?"

फोटोत टिबेट्सच्या मांड्या पाहून आम्हा सर्वांचा हंगामाबद्दलचा अंदाज एकदम सुधारला. मी तर त्याच दुपारी जिदहफ्सच्या बाजारातून दोन उशा आणल्या. आठवडाभरात 'ब्रॅडॉक फुटबॉलप्रेमी महाराष्ट्र मंडळ, बहरीन' स्थापन झाले. 'फुटबॉलप्रेमी' आधी की 'महाराष्ट्र' आधी, यावरून दोन गट पडले, समेटासाठी उपसमिती नेमली गेली आणि राजन अध्यक्ष झाला. त्याची बायको आलेली असल्यामुळे तो निःपक्षपाती आहे, असे सर्वांचे मत पडले.

अध्यक्षांनी पहिल्याच सभेत धोरण मांडले. "फ्रेशमनवर एवढा भार टाकू नये. मुलगा कोवळा आहे. पुढच्या तीन वर्षांचा विचार करून संघ बांधला पाहिजे."

"तीन वर्षं?" मी विचारले. "माझी बायको तिकडे ताटकळतेय."

"धारप, खेळ खेळासाठी असतो," राजन म्हणाला आणि वहिनींनी दिलेला डबा उघडला. त्यात भरली वांगी होती.

आमचा ड्रायव्हर गणपत हा कुडाळचा. साहेबांना रोज घरून तोच आणी. साहेब पुढच्या सीटवर बसले तर संघ जिंकला आणि मागच्या सीटवर बसले तर हरला, हे त्याच्या लक्षात आल्यापासून तो फार मोठा माणूस झाला होता. पहिल्या सामन्याच्या रविवारी फाटकातूनच त्याचा हॉर्न वाजला.

"सायब फुडे बसले," गणपत धावत येऊन म्हणाला. "काय ता आताच उरकून घेवा."

टिबेट्सने एकट्याने सामना मारला होता. मी अर्ज शोधू लागलो. तो राजनकडे होता. शिफारस लिहिण्याआधी माझे इंग्रजी सुधारावे म्हणून त्याने तो घरी नेला होता. दुसऱ्या दिवशी अर्ज परत आला तेव्हा इंग्रजी उत्तम होते आणि साहेब दुबईला गेले होते.

दुसऱ्या शनिवारी टिबेट्सचा डावा गुडघा मुरगळला, ब्रॅडॉक हरले आणि साहेबांनी माझा अर्ज वाचला. "पत्नीला आणण्याचे कारण?" असे त्यांनी समासात लिहिले. मी पुष्कळ विचार केला. कारण मला ठाऊक होते, पण ते इंग्रजीत लिहिण्यासारखे नव्हते.

त्या आठवड्यात मिरजेला ट्रंककॉल लागला. मी शुभदाला विचारले, कशी आहेस?

"माझं राहू दे," ती म्हणाली. "त्याचा गुडघा कसा आहे?"

"सूज आहे म्हणतात."

"मामांना विचारलं मी. ते म्हणाले, जिने चढू देऊ नका. अहो, त्याच्या कॉलेजला जिने आहेत का?"

तिचे मामा मिरजेत हाडांचे डॉक्टर होते. मंडळाने त्यांचे मत इतिवृत्तात नोंदवून घेतले. त्यानंतर टिबेट्सची पत्रिका मांडण्यात आली. मासिकात जन्मतारीख होती, वेळ नव्हती. ती बहुमताने सकाळची ठरली. त्याला साडेसाती निघाली. अमेरिकेत ती लागते का, यावर थोडा वाद झाला, पण गुडघ्याकडे पाहता विरोधकांना बोलायला जागा राहिली नाही. अखेर सत्यनारायण घालायचे ठरले. पूजेला जोडपे लागते असा पांडुरंगाचा आग्रह, आणि आमच्यात जोडपे एकच. म्हणून शुक्रवारी राजन आणि अरुणावहिनी पाटावर बसले.

संकल्पाला पांडुरंग अडला. "यजमानांचं ठीक आहे. पण ज्याच्यासाठी मागायचं त्याचं गोत्र काय?"

कोणालाच ठाऊक नव्हते. ज्याला गोत्र माहीत नाही त्याचे कश्यप धरतात, या प्रथेने डॅरेल टिबेट्स कश्यप गोत्राचा झाला आणि त्याच्या डाव्या गुडघ्याला आरोग्य मागण्यात आले.

शनिवारी तो असा पळाला की ब्रॅडॉकने गेल्या वर्षीच्या विजेत्यांना लोळवले. रविवारी गणपतने सलमाबादच्या वळणापासूनच हॉर्न धरून ठेवला. मी अर्ज घेऊन साहेबांसमोर उभा राहिलो. त्यांनी पेन उघडले, कागदावर टेकवलेही. तेवढ्यात, आपले महत्त्व वाढावे म्हणून, गणपतने मोडक्या इंग्रजीत त्यांना पूजेची हकीकत सांगितली. साहेबांचे डोळे भरून आले. ते पेन ठेवून उठले, हिशेबखात्यात गेले आणि त्यांनी राजनला मिठी मारली.

पुढच्या शुक्रवारपासून साहेब स्वतः पूजेला येऊ लागले. ते मांडी घालून बसत, कथेत कोणाचे जहाज बुडते हे दर वेळी काळजीने विचारत आणि प्रसादाचा शिरा तीनदा घेत. ब्रॅडॉक जिंकत सुटले. आता सही होणार म्हणून मी रोज नवे शाईचे पेन त्यांच्या टेबलावर ठेवू लागलो. पण खेळाडू लोकांचा एक नियम असतो, तो साहेबांनी सर्क्युलर काढून कळवला: संघ जिंकत असताना कशातही बदल करायचा नाही. साहेबांनी मोजे बदलणे बंद केले. रजा बंद झाल्या. नव्या सह्याही बंद झाल्या, कारण कोणाची बायको येणे हा बदलच होता.

म्हणजे हरल्यावर अर्ज वाचला जाई आणि जिंकल्यावर तो हलवला जात नसे. बरोबरी झाली तर काय, हे विचारायचा मला धीर झाला नाही. रात्री दोन्ही उशा पाहिल्या की मला रडू येई.

हे प्रकरण सुटले ते अरुणावहिनींमुळे. त्यांना सातवा लागला आणि पुण्याला माहेरी बाळंतपणाला जाण्याची वेळ आली. राजन हे सांगायला गेला तेव्हा साहेब पांढरे पडले.

"पूजा दुसऱ्या कोणाला करता येईल ना?" त्यांनी पांडुरंगाला विचारले.

"येईल की साहेब. पण जोडपं लागतं. नवरा-बायको, दोघंही हजर."

"मग दुसरं जोडपं बसवा. यल्ला, लवकर."

"मफी, साहेब," पांडुरंग 'नाही'साठीचा अरबी शब्द वापरून नम्रपणे म्हणाला. "जोडपंच नाही. बायकांचे सगळे अर्ज तुमच्याकडे आहेत."

साहेबांनी टेबलावरच्या अर्जांकडे पाहिले. मग वरचा, म्हणजे माझा, अर्ज उचलला, न वाचता सही केली आणि 'पत्नीला आणण्याचे कारण?' या स्वतःच्याच प्रश्नापुढे स्वतःच्याच हाताने 'कामकाजाची तातडीची गरज' असे लिहिले. कारण इतके अचूक लिहिलेला अर्ज मी पुन्हा पाहिला नाही. साहेबांनी गणपतला गाडी देऊन तो अर्ज थेट व्हिसाच्या कचेरीत पाठवला.

शुभदा शुक्रवारी सकाळी उतरली. गणपतने तिला विमानतळावरून थेट पूजेला आणले. साहेब दारात उभे होते. तिने हातपाय धुतले, लग्नातला शालू नेसली आणि माझ्याशेजारी पाटावर बसली.

"हे कश्यप गोत्राचे कोण?" तिने संकल्प ऐकून हळूच विचारले.

"तोच. गुडघेवाला."

"बाई गं. आपल्यातला निघाला की."

मी पळीने पाणी सोडताना तिने प्रथेप्रमाणे माझ्या हाताला हात लावला. त्या क्षणी ब्रॅडॉक कॉलेजबद्दल मला जे प्रेम वाटले, ते त्याच्या कुठल्याही पदवीधराला वाटले नसेल. मी सुखी झालो, हे सरळच सांगतो.

दुसऱ्या दिवशी टिबेट्सचा उजवा गुडघा मोडला. आम्ही दर वेळी डावाच मागितला होता. ब्रॅडॉक तो सामना हरले आणि उरलेले सगळे हरले. साहेब मागच्या सीटवर गेले, मोजे बदलले आणि पुन्हा अर्ज वाचू लागले. पण आलेल्या बायकोला परत पाठवण्याचा नियम कंपनीत नव्हता. राजन वहिनींना पोचवायला गेला आणि मंडळाचे अध्यक्षपद रीतसर माझ्याकडे आले.

पुढच्या ऑगस्टात घाटावरचा दत्ताराम नावाचा वेल्डर मला भेटायला आला. त्याचे नुकतेच लग्न झाले होते. हातात अर्ज होता.

"अध्यक्षसाहेब, यंदा तो टिबेट्स पळंल का ओ?"

"दत्ताराम, मुलाचा पाय नुकताच बरा झालाय. त्याच्यावर एवढा भार टाकू नये. पुढच्या तीन वर्षांचा विचार केला पाहिजे."

"तीन वर्षं? आवो, माझी शेवंती तिकडं वाट बघतीया."

मला त्याच्या स्वार्थीपणाचे वाईट वाटले. एका खेळाडूच्या भवितव्याचा प्रश्न आणि या माणसाला आपल्या बायकोचे पडले होते. तरी मी त्याला शांतपणे समजावले की खेळ खेळासाठी असतो. मग शुभदाने दिलेला डबा उघडला. दत्तारामचे इंग्रजी फारच कच्चे आहे, त्यामुळे त्याचा अर्ज सुधारण्यासाठी मी घरी आणला आहे. सवड झाली की बघतो.

आपण हसत असाल, तर आपला अर्ज केव्हाच मंजूर झाला असणार. या, मंडळाच्या कार्यकारिणीत एक जागा आहे.