भरतीच्या वेळेला येणारे जनूकाका

जनूकाका पाटलांना मी पहिल्यांदा वेळ विचारली, तेव्हा त्यांनी मनगटाकडे पाहिलंच नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघितली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "पाणी निम्मं उतरलंय. म्हंजे तुमचे तीन झाले असतील." माझ्या घड्याळात तीनला पाच मिनिटं कमी होती. मला रागच आला. घड्याळ बाळगणाऱ्या माणसाचा हा सरळसरळ अपमान आहे.

काका भाईंदरच्या खाडीकाठच्या नवघर गावातल्या जुन्या घराण्यातले. घरची मिठागरं होती, आणि भरतीचं पाणी वेळेवर आत घ्यायचं तर घरातल्या सगळ्यांना खाडीच्या तालावर उठावं-बसावं लागे. मीठ पिकवणं बंद होऊन जमाना झाला. काकांचं पोट, झोप आणि दाढी मात्र अजून खाडीच्याच ताब्यात आहेत. भरती चढत असताना ते न्हाव्याकडे जात नाहीत. म्हणे ब्लेड लागतं. नातवाच्या लग्नात त्यांनी भटजींना भर मांडवात झापलं होतं, "मुहूर्त ओहोटीत काढलाय? पावणे थांबतील काय?" पावणे खरंच थांबले नाहीत. त्याला केटरर जबाबदार होता, पण काका आजही श्रेय सोडायला तयार नाहीत.

अशा माणसाला मी आमच्या 'सोबत'मध्ये घेतलं. पूनम सागर वसाहतीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही काही जणांनी हा उद्योग सुरू केलाय. एका मोठ्या माणसाची एका मुलाशी किंवा मुलीशी जोडी लावायची. दर रविवारी दोघांनी भेटायचं. अभ्यास करा, गप्पा मारा, फिरायला जा, काहीही करा. नियम एकच, सकाळी दहा म्हणजे दहा. हा नियम अर्थातच माझा.

काकांची जोडी मी सनाशी लावली, कारण ती नवघरातच राहायची आणि खरं सांगायचं तर दुसरं कोणी उरलं नव्हतं. सना आठवीतली. आई स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करते. सनाचे आधीचे दोन सोबती निघून गेले होते. एकाची पुण्याला बदली झाली, दुसरीने फोन उचलणंच बंद केलं. तेव्हापासून पोरगी हॉलमध्ये दाराजवळच्या खुर्चीवर बसायची, म्हणजे निघून जायला सोपं. काकांबद्दल सांगितलं तर म्हणाली, "ठीक है. ये भी जाएँगे."

पहिल्या रविवारी काका दहाला आले नाहीत. सना तासभर बसली आणि गेली. साडेबाराला काका घाम पुसत हजर. "भरती तर आत्ता लागली," ते म्हणाले. मी जे काही बोलले ते इथे लिहीत नाही. पुढच्या रविवारी वॉचमनचा सकाळी सहालाच फोन, "मॅडम, एक बुजुर्ग सीढ़ी पे बैठे हैं, बोलते हैं पानी भर गया."

असे काही रविवार गेल्यावर मी काकांना काढायचं ठरवलं. तसं सांगायला हॉलवर गेले, तर सना त्यांच्या शेजारी बसून बोटांवर तिथी मोजत होती. तिने भरतीचं गणित शिकून घेतलं होतं आणि आता तीही त्यांच्याच वेळेला यायची. मला बाजूला घेऊन म्हणाली, "दीदी, इनको मत निकालो. पहले वाले दोनों एकदम टाइम पे आते थे."

मी दहाचा नियम गुंडाळून ठेवला.

मग सनाची स्कॉलरशिपची परीक्षा आली. भाईंदर पश्चिमेच्या एका शाळेत, रविवारी सकाळी दहाला. आईला सुट्टी नव्हती. सोबत जायचं काम काकांचं, आणि त्या दिवशी पौर्णिमा. भरती भर दुपारी. मी काकांना बजावायला गेले, तर ते नुसतं "पुनवेचा दिवस हाय" एवढंच पुटपुटले. सना म्हणाली, "उनको बोलो मत, दीदी. आना होगा तो आएँगे." तिसरं माणूसही गेलं तर ही पोरगी पुन्हा कोणाकडे ढुंकूनही बघणार नाही, याची मला खात्री होती.

रविवारी मी स्वतःच तिला न्यायला निघाले. तिच्या चाळीपाशी पोचते तर काका पायरीवर बसलेले, पांढरा सदरा घालून, येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतायत, "किती वाजले?" दूधवाला त्यांना तीनदा वेळ सांगून वैतागला होता. पहाटेपासून बसले होते, कारण घड्याळाचा भरवसा काय! रिक्षात प्रत्येक सिग्नलला ड्रायव्हरला तेच. पण सना दहाच्या आधी वर्गात होती.

आम्ही दोघं शाळेच्या फाटकाबाहेर थांबलो. ऊन डोक्यावर आलं. मी म्हटलं, "काका, भरती लागली असेल."

"लागू दे."

मग त्यांनी सदऱ्याच्या बाहीने घाम पुसला. आणि कधी नव्हे ते आपणहून बोलले, "बायको होती तवा माझ्या टायमाला जेवायची. आता घरात सगळ्यांचं घड्याळावर. माझं पान झाकून ठेवतात. चांगली हाईत पोरं, पण मी एकटाच जेवतो. ही एकच पोर हाय, जी माझी वाट बघते. तिला मी कसा वाट बघायला लावू?"

इतके महिने मी या माणसाच्या उशिराचाच हिशेब मांडत बसले होते.

साडेबाराला मुलं बाहेर पडली. सना गर्दीतून धावत आली, मला ओलांडून सरळ काकांकडे. "पेपर मस्त गया! काका, जेवलात का?"

काकांनी नकारार्थी मान हलवली. मग माझ्याकडे हात पुढे केला, "फोन दे जरा." सुनेला म्हणाले, "सूनबाई, जेवायचं थांबा. पान झाकू नका. आम्ही दोघं येतोय."

पलीकडून सून काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण काकांनी फोन परत देताना डोळे पुसले. "थांबतात म्हणाली," ते सनाला म्हणाले, आणि तिचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेऊन रिक्षा शोधायला लागले.